‘आपला’ माणूस सापडतो तेव्हा

मैत्रिणींनो, ‘आत्ता गप्प बसा, विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका,’ हे आपण किती वेळा ऐकलंय! संघटनेत, युनियनमध्ये, पक्षात. आरोप आपल्या बाजूच्या पुरुषावर असला की हमखास ऐकू येतं. अशा मौनातून काय होतं ते अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत मला स्पष्ट दिसतं.

जानेवारी १९९८ मध्ये क्लिंटन-लुइन्स्की प्रकरण बाहेर आलं. आपल्याकडे विशाखा निकाल लागून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. संबंध संमतीचे होते, असं मोनिका लुइन्स्कीनं सांगितलं. पण एकीकडे देशाचा अध्यक्ष आणि दुसरीकडे त्याच्याच कार्यालयात शिकाऊ म्हणून आलेली २२ वर्षांची मुलगी! यातली सत्ता ‘संमती’ म्हटल्यानं नाहीशी होते का? पॉला जोन्सची तक्रार तर सरळ छळाची होती. ती अर्कान्सास राज्याची साधी नोकरदार, क्लिंटन तिथले गव्हर्नर. तिला उजव्यांनी उचलून धरलं, एवढ्यावरून ती आपल्याला परकी झाली. १९९१ मध्ये अनिता हिल यांच्यामागे ठाम उभी राहिलेली चळवळ आता अडखळू लागली. ग्लोरिया स्टायनेम यांच्यासारख्या बाईनं मार्च १९९८ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून क्लिंटनची बाजू सावरली. कारण उघड होतं: गर्भपाताच्या हक्काचं रक्षण करणारा अध्यक्ष गमवायचा नव्हता.

रिपब्लिकनांना बायकांचा कळवळा होता असं मुळीच नाही. स्टार अहवालानं एका तरुण मुलीचं खाजगी आयुष्य जगाच्या चव्हाट्यावर मांडलं. महाभियोग झाला, फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटनं क्लिंटनना सोडलं. मग निवडणूक आली. बुश म्हणाले, अध्यक्षपदाची प्रतिष्ठा परत आणू. गोर यांनी क्लिंटनपासून अंग चोरलं आणि त्यांची जाहीर निंदा केलेल्या लीबरमनना उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतलं. दोन्हीकडे भाषा चारित्र्याची. कामाच्या जागी पुरुष सत्ता कशी वापरतो, यावर कोण बोलणार? ज्यांनी बोलायचं त्या आधीच गप्प झाल्या होत्या!

बायकांची ५४ टक्के मतं गोरना, पुरुषांची ५३ टक्के बुशना. देशभरात गोरना पाच लाखांहून जास्त मतं अधिक पडली. पण सगळं अडलं फ्लोरिडात, तिथे फरक ५३७ मतांचा. १२ डिसेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. त्या पाचांत अनिता हिल यांनी ज्यांच्यावर आरोप केला होता ते क्लॅरेन्स थॉमस होते. आणि न्यायालयातली पहिली स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ’कॉनरही होत्या. (खुर्चीत बाई बसली की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

मौनामुळेच गोर हरले, असं मी म्हणत नाही. ५३७ मतांना शंभर कारणं सापडतील. पण ज्या हक्कासाठी गप्प बसलो, तो तरी राहिला का? २२ जानेवारी २००१, बुश यांच्या कामाचा पहिला दिवस. अमेरिकेचे कुटुंबनियोजनाचे पैसे घेणाऱ्या परदेशी संस्थेनं स्वतःच्या पैशातूनसुद्धा गर्भपाताची सेवा द्यायची नाही, त्याचा सल्ला द्यायचा नाही, हा रेगनकाळातला नियम त्यांनी परत आणला. १९७१ पासून गर्भपात कायदेशीर असलेल्या भारतातल्या संस्थाही त्यातून सुटल्या नाहीत. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी तोच नियम पुन्हा लागू केला.

आता घरचं बघू. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. आपल्या मित्रसंघटनांपैकी, ज्यांच्या मोर्चात आपण घोषणा देतो त्यांच्यापैकी, किती जणांकडे ती आहे? कागदावर नव्हे, चालती? पुढच्या समन्वय बैठकीत हा विषय घ्यावा अशी माझी मागणी आहे. आणि तो ‘वेळ उरल्यास’ या सदरात नको.