यंत्राचे तोंड कोणाकडे?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेसरचे किरण सोडून प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म फरक टिपण्याची विद्या मानवाने साध्य केली आहे. तिचे स्वागत कोणीही विचारी माणूस करील. परंतु त्याच जिल्ह्यात दुसरे एक यंत्र रास्त भाव दुकानांतून बसलेले आहे. हळद शिजवून, कापूस वेचून आणि ऊस तोडून ज्यांच्या अंगठ्यांच्या रेषा झिजल्या, त्यांना ओळखताना हे यंत्र अडखळते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्य हा हक्क म्हणून दिला. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पण हक्क आणि धान्य यांच्यामध्ये आता यंत्र उभे आहे. अंगठ्याचा ठसा मोबाईलच्या जाळ्यातून दूरच्या सर्व्हरकडे जातो, तेथे जुन्या ठशाशी ताडला जातो आणि मग होकार परत येतो. वीज, जाळे, सर्व्हर आणि रेषा या साखळीतील एक कडी तुटली तरी पोते उघडत नाही. दुकानापर्यंतची खेप वाया जाते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

या व्यवस्थेचे समर्थक चोरीकडे बोट दाखवितात. चोरी खरीच होती. बनावट शिधापत्रिका होत्या आणि गोदामातून निघालेले धान्य बाजारात जात होते, हे समाजवाद्यांनी नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, अंगठा नेमकी कोणती चोरी थांबवितो? तो फक्त एवढेच सिद्ध करतो की कार्डधारक दुकानात आला होता. त्याच्या पदरात पुरते माप पडले की नाही, हे अंगठा सांगत नाही. अंगठा घेऊनही वजनात मारता येते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन चुका संभवतात. अपात्र माणसाला धान्य मिळणे ही एक आणि पात्र माणसाला नाकारले जाणे ही दुसरी. पहिलीची किंमत तिजोरी मोजते, दुसरीची चूल मोजते. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने ओळख पटविण्यातील अपयशाचे अंदाज झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के आणि गुजरातेत ६ टक्के असे नोंदविले होते. एवढे अपयश ठाऊक असलेले साधन सक्तीचे करणे म्हणजे पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी पत्करणे होय. आणि ती पत्करणारे व भोगणारे एक नव्हेत.

विज्ञान स्वतः असे वागत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली गेली, तेव्हा अमेरिकेत सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर असलेल्या दोन वेधशाळांनी तीच नोंद केली होती. एकाच उपकरणाचा कौल शास्त्रज्ञ अंतिम मानीत नाहीत. ते त्रुटीची मर्यादा आधी सांगतात आणि पडताळा घेतात. औंढ्याच्या वेधशाळेत जी सावधगिरी अनिवार्य राहील, ती शेजारच्या गावातील दुकानात अनावश्यक कशी ठरते?

कागदावर ती आहेही. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळविले की, आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणासही धान्य नाकारू नये. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ओळख पटली नाही एवढ्यावरून कोणी वंचित राहू नये, ही भूमिका घेतली. परंतु लेखी पुरावा हाती न पडता परतलेला माणूस दाद कोठे मागणार?

तंत्रज्ञानाला दुसरेही तोंड असू शकते, हे छत्तीसगडने दाखविले आहे. त्या राज्याने २००४ च्या आदेशान्वये रास्त भाव दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे सोपविली. संगणकावर धान्याचा हिशेब ठेवला, वाहतुकीचे ट्रक पिवळे रंगविले आणि धान्य निघाल्याची वार्ता मोबाईलवरून नागरिकांना दिली. २००४-०५ मध्ये निम्म्याच्या आसपास असलेली गळती २००९-१० पर्यंत सुमारे दहा टक्क्यांवर आल्याचे अर्थतज्ज्ञांचे अनुमान आहे. तेथे संगणकाची नजर धान्यावर आणि ते हाताळणाऱ्यांवर होती. गरिबाच्या बोटांवर नव्हती.

म्हणून मागणी यंत्र फोडण्याची नाही, ते फिरविण्याची आहे. वजनकाटा यंत्राला जोडावा, म्हणजे माप नोंदले जाईल. ठसा जुळला नाही तर नोंदवहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य द्यावे. नकार मिळाल्यास कारणासह लेखी पावती मिळावी. कायद्याची हत्यारे उपलब्ध आहेत: कलम ८ धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देते, कलम २८ सामाजिक अंकेक्षण सांगते आणि कलम २९ दुकानापर्यंतच्या दक्षता समित्या. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक दिवस दुकानासमोर बसून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्यांची नोंद करावी आणि ती जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे ठेवावी. सभेतील दहा ठरावांपेक्षा अशी एक वही अधिक काम करील.

याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे गाव. औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करू न देता त्यांना मागे पिटाळले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे लोक सांगतात. बाजूला सारलेल्या माणसाने आपली जागा बदलावी, असे त्या कथेत देवानेही म्हटले नाही. माणसांनी घडविलेल्या यंत्राला तसे म्हणण्याचा अधिकार कोणी दिला?