न जुळणारा हिशेब

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, दीर्घ आजारानंतर माझ्या पत्नीचे निधन झाले. समाचारास आलेल्या मंडळींनी आपापल्या परीने सांत्वन केले. कोणी म्हणाले, “प्रभूची इच्छा!” कोणी म्हणाले, “तो आपल्या माणसांचीच परीक्षा पाहतो.” शेजारच्या काकू डोळे पुसत हळूच म्हणाल्या, “मागल्या जन्मीचे काही देणे असेल हो!” सर्वांच्या बोलण्यात मायाच होती, परंतु तिच्या वेदनांचा हिशेब कोणी माझ्यापुढे मांडीत आहे आणि तो काही केल्या जुळत नाही, असे मला वाटत राहिले.

आमचे घराणे ख्रिस्ती. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याचा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो. हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, त्याच्या की त्याच्या आईबापांच्या, असे शिष्य विचारतात. येशू दोन्ही गोष्टी नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना स्वतःच्या हाताने चिखलाचा लेप लावतो. हा प्रसंग मला खऱ्या अर्थाने उमगला तो त्या पावसाळ्यात.

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा हाती घेतले. आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, 1858 साली त्यांचा जन्म झाला. 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पुढल्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून दुःख थांबले काय? मुळीच नाही. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली आणि 1922 च्या एप्रिलात त्या स्वतः.

मात्र 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व बालविधवा आणून केडगावच्या ‘मुक्ती’त ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्या याच रमाबाई. भुकेने मरणारी माणसे त्यांनी कोवळ्या वयात आपल्याच घरात पाहिली होती. त्या मुलींचे चेहरे त्यांना निराळे ओळखावे लागले नसतील. आपल्या आईबापांच्या मृत्यूचे कारण त्यांना गवसले की नाही, कोण जाणे. त्या स्मृतीने त्यांची पावले कोठे वळली, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

दुःख चांगले असते, असे मी म्हणणार नाही. तिच्या शेवटच्या रात्री आठवल्या की तसे म्हणवतच नाही. क्रूसावर टांगलेल्या ख्रिस्तानेही, मला का टाकलेस, म्हणून पित्याला हाक मारलीच होती. तेव्हा आपण ‘का’ विचारले म्हणून श्रद्धा ढळली, असे मानण्याचे कारण नाही.

आमच्या गल्लीत हल्ली एक वृद्ध गृहस्थ त्याच दुखण्याने अंथरुणास खिळले आहेत. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जातो. पाठीला उशी कशी द्यावी, पाणी चमच्याने किती बेताने पाजावे, हे मला आता ठाऊक आहे. ते मी तिच्या उशाशी शिकलो. आम्ही फारसे बोलत नाही. प्रभूच्या इच्छेचा विषय तर मी काढीतच नाही. परवा निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला, तेव्हा मी आणखी घटकाभर बसलो.

हिशेब अजून जुळलेला नाही. पण हल्ली ती वही मी रोज उघडीत नाही.