ॲपला जात कळत नाही, म्हणून दुकान ऑनलाइन न्यायचे का?

आपल्या वस्त्यांमधून सध्या छोटे उद्योग उभे राहत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. कुठे महिलांचा बचत गट काळा मसाला आणि कारळ्याची चटणी करतो, कुठे एखादा तरुण बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज, दिनदर्शिका विकतो. या प्रत्येकासमोर लवकरच एक प्रश्न येतो : माल ऑनलाइन विकायचा का? आणि तरुणांचे उत्तर बहुधा तयार असते : "विकायचाच. ॲपला जात कळत नाही."

या वाक्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. १९१७ साली परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराबाबत सल्ला देणारी कंपनी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देत होता. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे समजताच गिऱ्हाईक तुटले आणि कंपनी बंद करावी लागली. आजही खेड्यात आपल्या माणसाने खानावळ किंवा पिठाची गिरणी टाकली, तर भाव विचारण्याआधी 'कोणाची आहे?' हे विचारले जाते. त्यामुळे पडद्याआड राहून विकण्याची ओढ आम्हाला समजते.

तरीही आमचे म्हणणे असे आहे, की जातीपासून सुटका होईल म्हणून ऑनलाइन जाऊ नका. हिशोब जुळत असेल तर जरूर जा.

मुळात ती सुटका मिळतच नाही. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आडनाव आणि 'भीमनगर' किंवा 'सिद्धार्थनगर' वाचून ज्याला जे कळायचे ते कळते. शिवाय बाजाराला जातीचे वावडे कधीच नव्हते. 'ब्राह्मणी गोडा मसाला', 'सीकेपी मसाला', 'मराठा मसाला' ही नावे पाकिटांवर उघड मिरवतात आणि खपतात. काही जातींचे नाव हा चवीचा दाखला ठरतो आणि आपण मात्र आपले नाव लपवायचे, हा कुठला न्याय? चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली 'दलित फूड्स' या नावानेच लोणची-मसाले ऑनलाइन विकायला काढले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघराची नोंद केली. नाव कोणते ठेवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण नाव लपवण्याच्या भरवशावर धंदा उभा करू नये. ते उघड होण्याची भीती रोज सोबत राहते.

आता हिशोब पाहू. समजा, पाव किलो काळ्या मसाल्याचे पाकीट १६० रुपयांना आहे. मिरची, खोबरे, कांडप आणि बायांची मजुरी धरून खर्च ९५ रुपये, साध्या पाकिटाचे ५. वस्तीत किंवा आठवडी बाजारात विकले तर ६० रुपये उरतात. तेच ऑनलाइन विकताना खोका आणि मजबूत वेष्टनाचे १५ आणि कमिशन, कुरिअर मिळून ६० धरले, तर खर्च १७० होतो. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे १० रुपये पदरचे जातात. चार पाकिटे एकत्र पाठवली आणि वेष्टन ४०, कमिशन-कुरिअर ११० धरले, तर ६४० मधून ५३० जाऊन ११० उरतात. जवळ विकून याच चार पाकिटांवर २४० मिळाले असते. परत आलेले पार्सल आणि फुटलेले पाकीट यात धरलेलेच नाही. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण ही बेरीज वहीत मांडल्याशिवाय ॲपवर खाते उघडू नये. त्यात स्वतःची मजुरी धरायला विसरू नये. आपल्या बाया ती हमखास विसरतात आणि मग तोटाही नफा वाटतो.

कागदपत्रांचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन मंचावरून राज्यातल्या राज्यात माल विकण्यासाठी जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन चालते. पण तोच मसाला राज्याबाहेर पाठवायचा तर नोंदणी आली, आणि नोंदणी आली की विक्री नसलेल्या महिन्यांचेही विवरणपत्र आले. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची नोंदणी तर दोन्हीकडे हवीच.

सर्वात मोठा प्रश्न गिऱ्हाईक कोणाचे, हा आहे. मोठ्या मंचावर तुमचा माल कोणी घेतला, त्याचा फोन नंबर मंचाकडे राहतो. तुमची वस्तू वर दाखवायची की तळाला, हे मंच ठरवतो. पैसेही त्याच्या वेळापत्रकाने येतात. गावातल्या सावकाराच्या दारातून उठून दुसऱ्या मालकाच्या दारात बसणे याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

उलट आपल्याकडे स्वतःची बाजारपेठ आहे. १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीत, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. तिथे पुस्तके, मूर्ती, ध्वज विकले जातात. पण विकून झाले की गिऱ्हाईक हरवते, कारण आपण त्याचा नंबर लिहून घेत नाही. आमचा आग्रह आहे की सुरुवात इथून करा. नंबर आणि गाव विचारून वहीत नोंदवा, पाकिटावर तुमचा नंबर ठळक छापा, पुढची मागणी व्हॉट्सॲपवर घ्या. शंभर माणसे दुसऱ्यांदा माल मागवतील तेव्हा मालाची किंमत तुम्हाला कळलेली असेल. मग ऑनलाइन मंचावर जा, आणि शक्य असेल तर चार-पाच गटांनी मिळून एका नावाने, एका नोंदणीवर जा. खोका एक, कुरिअर एक, हिशोब ठेवणारी शिकलेली पोरगी एक.

ध्वज, पुस्तके, मूर्ती, हस्तकला अशा टिकाऊ आणि दूरवर मागणी असलेल्या मालाला ऑनलाइनचा फायदा लवकर होईल. दूरवर पसरलेल्या आपल्या अनेक माणसांना तो माल जवळच्या दुकानात सहज मिळत नाही. चटणी-मसाल्याने मात्र आधी जिल्हा जिंकावा.

कर्ज काढून धंदा करणाऱ्या घराला एक चुकलेला हंगामही परवडत नाही. म्हणून ॲप उघडण्याआधी वही उघडा.

जय भीम!