सोयाबीन ठेवण्याआधी

सोयाबीनचा भाव हमीभावाखाली गेला की दरवर्षी तोच सल्ला कानावर येतो: घाई नको, माल ठेवा. त्यामागे २०२१ची आठवण आहे. त्या ऑगस्टमध्ये काही बाजार समित्यांत क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला होता. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि भाव कोसळले, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. भावाचा अंदाज चुकणारच. भाव कोणाच्याच हातात नाही. आपला माल ठेवण्यासारखा आहे का, हे तर आधीच, शेतात आणि खळ्यावर ठरलेले असते.

काढणीला आलेल्या सोयाबीनवर ऑक्टोबरचा पाऊस पडला की कापलेले पीक गंजी करून ताडपत्रीखाली ढकलले जाते. आतली ओल कोंडते, गंजी तापते आणि मळणीला काढावी तर दाणा काळपट, डागी निघतो. पिवळ्या मोझॅकने शेंगा नीट न भरलेल्या शेतातला बारीक, सुरकुतलेला दाणा चांगल्या मालात मिसळला तर सगळ्या पोत्यांचा भाव पडतो. मक्यात तर शेतापासून साठवणीपर्यंतचा हा धागा आणखी सरळ आहे. २०१८ मध्ये भारतात आलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यातून कणसात शिरली की कुरतडलेल्या दाण्यांतून बुरशीला वाट मिळते. त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार झाले तर कोंबडीखाद्यवाले माल परत पाठवतात. पुढे साठवणीत सोंडे लागतात ते वेगळेच. म्हणून डागी आणि निरोगी माल मळणीपासूनच वेगळा ठेवावा. पहिला लगेच विकावा आणि थांबायचेच असेल तर फक्त दुसऱ्यासाठी.

त्याचाही हिशेब हवा. १५ टक्के ओलाव्याचे सोयाबीन साठवणीसाठी १० टक्क्यांवर आणले तर क्विंटलमागे साडेपाच किलो वजन घटते. ओल्या मालाला व्यापारी कपात लावतोच, तेव्हा वाळवणे फायद्याचेच. पण वाळवणे आणि सहा महिने थांबणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसऱ्यात व्याज, भाडे, हमाली येते, आणि भाव तेवढाही वाढला नाही तर थांबणे तोट्याचे. २०२४ मध्ये हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली. शेतकऱ्याला त्याची गरज होती, पण गोदामातल्या बुरशीला ते परिपत्रक लागू होत नाही.

यावर म्हटले जाईल की दिवाळी, रब्बीची पेरणी आणि उधारी समोर असताना अल्पभूधारकाला निवड असतेच कुठे? आक्षेप रास्त आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना नेमकी याच अडचणीसाठी आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती येते, विकण्याची सक्ती राहत नाही. मात्र तारणाला वाळलेला, स्वच्छ माल लागतो, आणि पावसाळी ऑक्टोबरमध्ये दोन एकरवाल्याकडे तो वाळवायला जागाच नसते. हमीभाव किती वाढवायचा यावर रान उठवणाऱ्या सगळ्याच पक्षांनी गावोगावी पक्की वाळवण-खळी, छताखालची जागा आणि बाजार समितीबाहेर विश्वासाने वापरता येईल असे ओलावामापक यंत्र यांसाठी तरतूद मागितली, तर ती या हंगामातही कामी येईल.