डाव्या हाताचा मळ?

एखादं काम एकदम सोपं असलं की आपण म्हणतो, 'हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!' हा वाक्प्रचार ज्याने काढला तो पियानोसमोर नक्कीच बसला नसणार. पियानोवर सगळी गोची डाव्या हाताचीच होते. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की यात बोटांचा दोष कमी आणि शिकवण्याच्या क्रमाचा जास्त आहे.

आधी थोडी थिअरी. (व्हायवा नाहीये, घाबरू नका.) दोन्ही हातांच्या बोटांना नंबर असतात, अंगठा १ आणि करंगळी ५. सी मेजर स्केल, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक, उजव्या हाताने चढत वाजवायची तर १-२-३-१-२-३-४-५. तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळहाताखालून हळूच पुढे सरकतो. डाव्या हाताने तीच स्केल ५-४-३-२-१-३-२-१ अशी. इथे बोटं संपली की मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे जातं. आता दोन्ही हात एकत्र वाजवून बघा. मध्ये उजव्याचा अंगठा एफवर पडतो आणि डाव्याचा जी वर. फक्त एका पट्टीचा फरक, पण तेवढ्यात मेंदू हँग! आणि तरी प्रत्येक क्लासमध्ये पहिला धडा हाच, कारण काय तर 'सगळ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, सोपं आहे.'

दिसायला सोपं आणि हाताला सोपं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलंडचा शोपँ हा केवढा मोठा पियानिस्ट! तो शिष्यांना आधी बी मेजर द्यायचा, आणि सी मेजर सगळ्यात शेवटी. बी मेजरमध्ये पाचही काळ्या पट्ट्या येतात. आपली मधली तीन बोटं लांब, अंगठा आखूड. लांब बोटं उंचावरच्या काळ्या पट्ट्यांवर आपोआप बसतात आणि अंगठ्याला दोन पांढऱ्या उरतात, बी आणि ई. डाव्या हाताचं फिंगरिंग ४-३-२-१-४-३-२-१. गंमत म्हणजे ई वर दोन्ही अंगठे एकाच वेळी येतात, भांडण संपलं!

पण मला याच्याही पुढे जायचंय. इंजिनिअरिंगवाल्यांनो, कीबोर्डकडे जरा ड्रॉइंगच्या नजरेने बघा. डी पट्टीवर आरसा ठेवला तर डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी दिसते. आपले हातही एकमेकांचे आरसेच. मग उजव्या हाताच्या बी मेजरचं आरशातलं रूप काय? डी-फ्लॅट मेजर! म्हणजे डाव्या हाताला जी स्केल सगळ्यात जास्त मानवते ती आपली काळी एक. चढताना ३-२-१-४-३-२-१-३, अंगठा फक्त एफ आणि सी वर. आपल्याकडे किती गायक काळी एकमध्ये गातात! घरोघरच्या पेटीवर ती पट्टी आधीच ओळखीची आहे, आणि आपण मात्र पांढरी एक घोकत बसतो.

पेटीवरून आठवलं. आपल्या घरांत डाव्या हाताचं खरं काम म्हणजे भाता मारणं. (संगीत नाटकातल्या पायपेटीवाल्याचे दोन्ही हात मोकळे असायचे, पण ती आता बघायला तरी मिळते का?) त्यामुळे पेटीवरून कीबोर्डवर आलेल्या मुलाचा उजवा हात सुसाट पळतो आणि डावा नुसता एक बोट दाबून ऑटो अकंपनिमेंट चालू करतो. गॅदरिंगला ते खपतं, पण लाइट गेली की संपलं. असे कितीतरी जण पुढे 'माझा डावा हात मुळातच वीक आहे' म्हणून पियानो सोडून देतात. वीक? पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनस्टाइनसाठी राव्हेलने फक्त डाव्या हाताचा अख्खा कन्चेर्टो लिहिला, आणि १९३२ साली व्हिएन्नात त्याने तो वाजवला.

कॉर्ड्सचंही तेच. सी कॉर्ड ५-३-१ ने धरायची, मग एफसाठी पूर्ण हात उचलून उडी, जी साठी परत उडी, आणि ताल गेला खड्ड्यात. त्यापेक्षा सी वरून एफला जाताना करंगळी सी वरच ठेवा, अंगठा जी वरून ए वर सरकवा आणि तर्जनी एफवर. सी-एफ-ए, बोटं ५-२-१. जी कॉर्डसाठी पुन्हा सी वर या, अंगठा जी वर ठेवून करंगळी बी वर आणि मधलं बोट डी वर न्या, परत ५-३-१. हात जागचा फारसा हलतच नाही. निम्मी हिंदी-मराठी गाणी या तीन कॉर्ड्सवर निघतात, निदान कॅन्टीनमध्ये तरी.

कोणी म्हणेल, काळी एकचं नोटेशन वाचायला कठीण, पाच फ्लॅट्स असतात. मान्य. पण पहिल्या महिन्यात नोटेशन कशाला हवं? पेटी शिकणाऱ्याला कोणी कागद देतं का? आधी हाताला रस्ता कळू दे, कागद नंतर. परीक्षेच्या ग्रेडसाठी सी मेजर लागतेच, तेव्हा ती करावीच लागेल, फक्त थोडी उशिरा.

घरी पियानो नसेल तर पेटीवरही करून बघा, ३-२-१-४-३-२-१-३. फक्त भाता मारायला रूममेटला बसवावं लागेल.