‘हॅमिटिक’ छापण्यापूर्वी हात आवरा

अनुवादक, कोशकार, मुद्रितशोधक आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती: अरबी, हिब्रू, अम्हारिक, सोमाली, हौसा, बर्बर यांच्या भाषाकुळाला ‘सेमिटो-हॅमिटिक’ किंवा ‘सामी-हामी’ म्हणणे आता थांबवा. ‘आफ्रो-आशियाई’ लिहा. आणि हे लगेच करा, कारण जुनी पुस्तके धडाधड स्कॅन होत आहेत. एका पानावरची चूक उद्या शंभर ठिकाणी उमटेल.

ही नावे बायबलमधल्या नोहाच्या शेम आणि हाम या मुलांवरून पडली. १७८१मध्ये जर्मन इतिहासकार श्लोएत्सरने ‘सेमिटिक’ छापले. १८७६मध्ये भाषाशास्त्रज्ञ फ्रीड्रिख म्युलरने त्याला ‘हॅमिटो’ जोडले. सेमिटिक भाषा बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांची मोट बांधून तिला हामचे नाव द्यायचे, एवढाच तो हिशेब. प्रत्यक्षात प्राचीन इजिप्शियन, बर्बर, कुशिटिक, चाडिक यांची मिळून अशी वेगळी शाखा नाहीच. सेमिटिकसारखीच प्रत्येक स्वतंत्र आहे. गंमत बघा, त्याच बायबलात कनान हा हामचा मुलगा. आणि कनानी भाषा मात्र हिब्रूची सख्खी, पक्की सेमिटिक!

पुढे गंमत उरली नाही. भाषाशास्त्रज्ञ कार्ल माइनहॉफने १९१२मध्ये मासाई, फुला, नामा याही भाषा ‘हॅमिटिक’मध्ये कोंबल्या. १९३०मध्ये मानववंशशास्त्रज्ञ सेलिगमनने आफ्रिकेतल्या संस्कृतीचे श्रेय ‘हॅमाइट’ नावाच्या गोऱ्या आगंतुकांना देऊन टाकले. भाषेचे लेबल असे माणसांच्या कपाळी चिकटले. रवांडात बेल्जियन राजवटीने तुत्सी समाजाला ‘हॅमाइट’ ठरवले. १९९४च्या नरसंहाराआधी तोच धागा पकडून त्यांना इथिओपियातून आलेले परके म्हटले गेले. वास्तविक तुत्सी आणि रवांडातलेच हुतू दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा, आणि ती बांटू गटातली, या कुळाबाहेरची.

भाषाशास्त्रात मात्र ‘हॅमिटिक’ ही कल्पना जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने आधीच मोडून काढली होती. १९६३च्या त्याच्या ग्रंथानंतर ‘आफ्रो-आशियाई’ स्थिरावले. हे नावही फार नेमके नाही, दोन्ही खंड कवेत घेतल्यासारखे वाटते. पण ते कोणाला कमी लेखत नाही. आपल्या कचेरीतले हक्क, वकील, तारीख हे शब्द याच कुळातल्या अरबीतून आलेले, तेव्हा नाव नीट घेणे आपल्यालाही लागू आहे.

‘सेमिटिक’ मात्र खोडू नका, ती खरी शाखा आहे. जुन्या ग्रंथांची शीर्षकेही तशीच ठेवा. बाकी हातातले प्रूफ आज रात्रीच पुन्हा काढा, आणि नकाशाखालच्या सूचीतही बघा. ‘हॅमिटिक’ तिथे हमखास सुटतो.