धुळघाटचा फेरा

अनसिंगकडील मंडळी वाशीमहून मीटरगेज आगगाडीने अकोल्यावरून थेट खांडव्यास जात, तेव्हा मेळघाटातील धुळघाटाजवळ त्यांस एक कौतुक पाहावयास मिळे. लोहमार्ग मोठे वेटोळे घालून पुलावाटे स्वतःसच ओलांडीत असे. नवखा उतारू घाबरून म्हणे, ‘गाडी माघारी फिरली!’ वस्तुतः उभा चढ इंजिनास झेपत नाही. तोच लांब वेटोळ्यावर वाटून दिला म्हणजे सुसह्य होतो. खंडाळ्यास 1929 पर्यंत याच अडचणीपायी गाडीची दिशा उलटवीत. त्याहून हा फेरा मला अधिक चतुर वाटतो.

पूर्णा-अकोला मार्ग 2008 साली रुंद होताच थेट गाडी संपली. 2017 पासून धुळघाटचा मार्गही बंद आहे. नवा रुंद मार्ग व्याघ्रप्रकल्प टाळून बाहेरून नेण्याचे ठरले. हळहळ वाटते खरी. परंतु वाघाच्या रानातून पुनः गाड्या धडधडाव्यात, असे म्हणवत नाही.